वाढत्या बोटांचा हातमोजा घेऊ नका

(हा आपल्या पॉडकास्टचा भाग लिहून काढलाय. बोलताना अडखळलो ते आणि मधेच गेलेली लाईट, एवढं गाळलं आहे. बाकी जसं बोललो तसंच.)

युसूफ वडगाव, तालुका केज, जिल्हा बीड. आजचा विषय लहान आहे, तीन बोटांएवढा. धनुष्याची दोरी ओढणाऱ्या हातात घालायचा चामडी मोजा. तो मापात कसा बसवायचा, आणि नवा कडक मोजा हाताला कसा वळवून घ्यायचा. हे सांगायला मी काही मोठा प्रशिक्षक नाही. माझी चूक झाली आणि ती माझ्या पुतणीच्या बोटांनी भोगली, म्हणून सांगतोय.

पुतणी चौदा वर्षांची. बांबूच्या धनुष्यावर खेळते, म्हणजे ज्याला इंडियन राउंड म्हणतात ते. त्यात मोठ्या गटाला ५० आणि ३० मीटरवरून मारायचं असतं. आपल्याकडची बरीच पोरं इथूनच सुरुवात करतात, कारण रिकर्व्हचा सेट घ्यायचा म्हणजे घरातली एक म्हैस विकायची. ती आधी बोटांना चिकटपट्टी गुंडाळून मारायची. मग मी हौसेनं मोजा मागवला. आणि इथंच पहिली चूक. आपली सवय बघा, पोरांचा गणवेश घेतो तो वाढत्या अंगाचा. बूट घेतो ते पुढं कापूस कोंबून. मी मोजासुद्धा एक माप मोठाच घेतला. म्हटलं दोन वर्षं जाईल.

मोजा आला तो पुठ्ठ्यासारखा. दुसरी चूक इथं. कोल्हापुरी चप्पल नवी असली की चावते, मग तिला तेल पाजतो ना आपण, तसं मी मोज्याला खोबरेल तेल पाजलं. चांगलं बोटं बुडवून. आणि मे महिन्याच्या उन्हात पत्र्यावर ठेवला. संध्याकाळी मोजा बाहेरून मऊ, आतून वेडावाकडा. मला वाटलं जमलं.

पोरगी काही बोलली नाही. निवड चाचणी दोन आठवड्यांवर होती, रोज साठ-सत्तर बाण मारत होती. एक दिवस सदऱ्याचं बटण लावताना तिला मधल्या बोटाला बटण लागेचना. म्हणजे डोळ्याला दिसतंय, बोटाला कळत नाही. आईला सांगितलं, मला नाही. मी विचारलं, "अगं, आधी काहून नाही सांगितलं?" तर म्हणाली, "काका, तुम्ही अकराशे रुपये घातले होते."

डॉक्टरांनी बघितलं. बोटाच्या दोन्ही बाजूंनी बारीक नसा जातात, त्या दाबल्या गेल्यात, तीन आठवडे दोरीला हात लावायचा नाही, असं सांगितलं. निवड चाचणी गेली. त्यावर मी जास्त बोलत नाही.

आता एक हिशेब करू. धनुष्य २४ पौंडांचं असेल तर प्रत्येक बाणाला दोरीवर साधारण ११ किलोचा ताण येतो. रिकर्व्हच्या पात्रता फेरीत ७२ बाण असतात. तेवढेच बाण सरावात मारले तर ७२ गुणिले ११, म्हणजे जवळजवळ ८०० किलो. आठ क्विंटल! सोयाबीनच्या आठ क्विंटलचं ओझं एका पातळ दोरीवरून तीन बोटांवर, तेही टप्प्याटप्प्यानं. आणि तीन बोटं ते सारखं वाटून घेत नाहीत, बहुतेक वेळा मधलं बोट सगळ्यात जास्त घेतं. म्हणून बधिरपणा तिथंच आधी येतो.

हे काही नवं दुखणं नाही. वाल्मीकी रामायणाच्या बालकांडात विश्वामित्रांच्या मागं निघालेल्या राम-लक्ष्मणांच्या वर्णनात 'गोधांगुलित्राण' हा शब्द येतो. गोधा म्हणजे घोरपड, आणि अंगुलित्राण म्हणजे बोटांचं रक्षण करणारं. घोरपडीच्या कातड्याचं बोटांचं आवरण. (घोरपड आज कायद्यानं संरक्षित आहे, कुणी डोकं चालवू नका.) शिंपी बोटात घालतो ते अंगुस्तान फारसीतून आलं, पण काम आणि शब्द दोन्ही किती जवळचे बघा. आता एकलव्याचा अंगठा. पुष्कळांना प्रश्न पडतो की बाण तर बोटांनी ओढतात, मग अंगठा का मागितला? आशियात पुष्कळ ठिकाणी दोरी अंगठ्यानं ओढायची पद्धत होती, त्यासाठी अंगठ्यात कडं घालत. आज आपण शिकतो ती तीन बोटांची पद्धत. तर्जनी बाणाच्या वर, मधलं बोट आणि अनामिका खाली. अंगठा नुसता बसून असतो.

आणखी एक गैरसमज काढून टाकतो. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ ला बर्लिनमध्ये सतराव्या वर्षी जगज्जेती झाली, नागपूरचा ओजस देवतळे त्याच स्पर्धेत पुरुषांचा जगज्जेता झाला. त्यांचे फोटो बघून पोरं विचारतात, यांच्या हातात मोजा कुठाय? ते कंपाउंड धनुष्य. तिथं दोरी बोटांनी सोडत नाहीत, रिलीज नावाचं यंत्र असतं, त्याचा घोडा दाबतात. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकला खेळला तो रिकर्व्ह. तिथं बोटांनीच ओढावं लागतं, पण बहुतेक जण मोजा नाही, टॅब वापरतात, म्हणजे तळहाताच्या बाजूनं बोटांपुढं येणारी चामड्याची पट्टी. टॅबवर दोरी साफ सुटते, हे खरं आहे. मोजा मला लहान पोरांसाठी आणि बांबूच्या धनुष्यासाठी बरा वाटतो, कारण तो हातातून पडत नाही, हरवत नाही आणि बाण लावताना बोटं मोकळी राहतात. पुढं रिकर्व्हला गेलात तर टॅबकडे वळा.

आता माप. पोरीचा हात बरा होईपर्यंत मी तो मोजा घेऊन अंबाजोगाईला एका चप्पल शिवणाऱ्या मामांकडे गेलो. त्यांनी मोजा उलटा केला, बोटाची टोपी चिमटीत धरली आणि म्हणाले, "भाऊ, हे बोट हाये का पिशवी?" टोपीच्या टोकाला बोटापुढं चांगली अर्धा पेर जागा रिकामी होती. दोरी ओढली की ते रिकामं चामडं मागं सरकायचं, पेराच्या वळीत त्याची घडी पडायची, आणि दोरी त्या घडीवर बसायची. म्हणजे मोज्यानं बोट वाचवायचं सोडून दोरीखाली एक खडाच ठेवला होता. माप मोठं असलं की बोटाला आराम मिळतो असं आपल्याला वाटतं. इथं नेमकं उलटं असतं.

मामांनी मोजा दुरुस्त केला नाही, नवाच केला. माझ्यासमोर रापीनं कापला आणि आरीनं टोचून मेणाच्या दोऱ्यानं शिवला. त्यातून मी शिकलो ते सांगतो.

माप सकाळी घेऊ नका. दुपारनंतर, थोडा सराव झाल्यावर घ्या, कारण उन्हात आणि कामानं बोटं सुजतात. प्रत्येक बोटाचा घेर दोन ठिकाणी मोजायचा, टोकाकडच्या पहिल्या सांध्यावर आणि त्याच्या खालच्या पेरावर. टोपीच्या आत बोटाचं टोक चामड्याला टेकलंच पाहिजे. घेरात मोजा नवा असताना किंचित घट्ट चालतो, कारण चामडं आडवं सैल पडतं. लांबीत मात्र सूट नाही, जास्तही नको आणि कमीही नको. मग बोटं आकड्यासारखी वाकवून बघा. पहिल्या सांध्याच्या वळीत, जिथं दोरी बसते, तिथं चामड्याला घडी पडता कामा नये. शिवण तर तिथं अजिबात नको, ती पाठीकडं किंवा बाजूला. शेवटी नख दाबून सोडा. पांढरं झालेलं नख लगेच गुलाबी झालं तर ठीक, पांढरं किंवा निळसर राहिलं तर मोजा आवळतोय.

मोजा काढताना टोपी थोडी ओढावी लागली पाहिजे. हात झटकल्यावर गळून पडत असेल तर तो मोजा कुणा मोठ्या हाताच्या माणसाला द्या.

चामडं कुठलं घ्यायचं? कापलेली कड बघा. बाभळीच्या सालीनं, हिरड्यानं कमावलेलं चामडं कडेला आरपार तपकिरी दिसतं. क्रोमवर कमावलेल्याची कड मधे बरेचदा निळसर-राखाडी असते. क्रोमचं पहिल्या दिवसापासून मऊ असतं, पण आकार धरून ठेवत नाही. सालीचं चामडं कडक असतं, पण एकदा हाताचा आकार घेतला की घेतला. कोल्हापुरी चप्पल पायाची होते ती याच गुणामुळं. जाडी लहान पोरांच्या धनुष्याला दीड मिलिमीटरच्या आसपास पुरते. जाड घेतलं तर दोरी कुठं आहे ते बोटाला कळत नाही आणि पोरं मग मूठच वळतात. गुळगुळीत बाजू बाहेर, दोरीकडं. खरखरीत बाजूवरून दोरी अडखळत सुटते.

आता वळवणं. हे सालीच्या चामड्याचं सांगतोय. फडकं ओलं करून पिळायचं आणि टोप्यांवरून बाहेरून एकदा फिरवायचं. चामडं दमट झालं पाहिजे, ओलं नाही. मोजा घालून बोटं दोरी धरल्यासारखी वाकवायची, दहा-पंधरा मिनिटं तशीच. आम्ही खिडकीच्या गजाला सायकलची जुनी ट्यूब बांधली आणि तिलाच दोरी समजून पोरीनं हलकं ओढून धरायचं, सोडायचं नाही, परत ढिलं करायचं. मग मोजा सावलीत वाळवायचा, टोप्यांमधे कापडाच्या बोटाएवढ्या वळकट्या घालून. दुसऱ्या दिवशी परत. तीन-चार वेळा केलं की आकार येतो. ऊन, चूल, इस्त्री काही नको. ओलसर चामड्याला उष्णता लागली की ते आखडतं आणि नंतर तडकतं. माझ्या पत्र्यावर हेच झालं होतं.

आणि तेल? पाठीवरच्या पट्ट्यांना, जिथं त्या मनगटाकडं वळतात, तिथं बोटाला लागेल एवढंच. टोपीच्या दोरीकडच्या बाजूला थेंबसुद्धा नाही. तेलानं तिथलं चामडं लोण्यासारखं होतं, दोरी खोल चर पाडते आणि त्या चरात अडकून सुटते. बाण डावी-उजवीकडं जायला लागतो आणि आपण पोरांना म्हणतो तुझं लक्ष नाही. चर पडणारच, ती हलकी आणि तिन्ही बोटांत एका रेषेत असावी. दोरी घसरत नसेल तर थोडी टाल्कम पावडर लावा. मामा साधं मेण घासा म्हणाले होते, मला पावडर बरी वाटली.

पहिला आठवडा बाण कमी. वीस-पंचवीस, जास्त नाही. पाच-सहा मीटरवरून, कागद न लावता, नुसत्या उसाच्या पाचटाच्या दाबून भरलेल्या पोत्यावर. गुण मोजायचे नाहीत, फक्त दोरी कुठं बसते आणि कशी सुटते ते बघायचं. शक्य असेल तर हलकं धनुष्य घ्या. मोजा वळवायच्या नादात बाण न लावता दोरी ओढून सोडू नका, धनुष्य तडकेल.

सराव झाला की पोरांची बोटं बघा. सांध्याच्या वळीत लालसर रेघ असेल आणि पाच मिनिटांत गेली तर बरोबर. रेघ पेराच्या मधोमध किंवा टोकावर असेल तर मोजा नाही, धरणं चुकतंय. एकाच बोटाला फोड आली तर भार वाटला जात नाहीये. मुंग्या आल्या तर त्या दिवसाचा सराव संपला. दुसऱ्या दिवशीही बोट बधिर असेल तर डॉक्टर. आणि विचारा. पोरं सांगत नाहीत, विशेषतः वस्तू महाग असेल तर. मी आता सरावानंतर तिला डोळे मिटायला लावतो आणि प्रत्येक बोटाच्या टोकावर ज्वारीचा दाणा ठेवतो. कळला का? कुठल्या बोटावर? तिला याचा कंटाळा येतो, तरी करतो.

मोजा घामट झाला की प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, पावसाळ्यात दोन दिवसांत बुरशी येते. खुंटीला टांगा.

तिच्या मधल्या बोटाची जाण साधारण पाच आठवड्यांनी पूर्ण आली. आता नव्या मोज्यानं मारते. गेल्या रविवारी तो पुन्हा घट्ट लागतोय म्हणाली, बोटं खरंच वाढली आहेत, म्हणून परवा परत अंबाजोगाईला जायचंय. जुना अकराशेचा मोजा मी ठेवलाय, बाभळीच्या काट्या उचलायला बरा पडतो.

पुढच्या भागात दोरीवर गुंडाळलेला दोरा सैल झाला की काय करायचं ते बघू. भेटू.