इमारतीत गटाराचा वास येतो? कारणे, उपाय आणि १४४२० हेल्पलाइन

शहरातील घरकुलात किंवा पुनर्वसन इमारतीत मोरी व संडासातून गटाराचा वास येत असेल, तर फिनेल किंवा अत्तर शिंपडून तो केवळ झाकला जातो. वास म्हणजे गटारातील वायूला घरात यायला वाट मिळाल्याची खूण आहे. ती वाट बंद करणे हाच खरा उपाय.

वास का येतो?

मैला हवेशिवाय कुजला की हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. त्याला सडलेल्या अंड्यासारखा वास येतो. तो अडवण्यासाठी न्हाणी ट्रॅप, बेसिन व संडासाच्या भांड्याखालच्या वाकड्या भागात थोडे पाणी कायम साठलेले असते. हे पाणी सुकले किंवा खेचले गेले, की वायू आत येतो.

घरात काय करावे?

• वापरात नसलेल्या मोरीत आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी ओता.
• न्हाणी ट्रॅपची जाळी उचलून केस व गाळ काढा. आत वाटी असल्यास ती पुन्हा जागेवर बसवा.
• बेसिनचा पाइप जमिनीत जातो तेथील फट बुजवून घ्या.

इमारतीने काय पाहावे?

• गच्चीवरील व्हेंट पाइप उघडा आहे का? तो बंद असेल तर फ्लश केल्यावर ट्रॅपमधील पाणी खेचले जाते आणि गुडगुड आवाज येतो.
• चेंबरची झाकणे फुटली आहेत का?
• सेप्टिक टँक दर २ ते ३ वर्षांनी रिकामी होते का?

चेंबरमध्ये माणूस उतरवू नका

हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की नाकाला वास कळेनासा होतो. त्यामुळे वास नाही म्हणजे धोका नाही, असे समजू नका. सुरक्षा साधनांशिवाय कोणालाही गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. ही बंदी सोसायटीलाही लागू आहे. पहिल्याच गुन्ह्यासाठी २ वर्षांपर्यंत कैद, २ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

यंत्राने सफाईसाठी १४४२० वर किंवा नगरपालिकेच्या ड्रेनेज विभागाकडे मागणी नोंदवा. शुल्क आधी विचारून घ्या. आत कोणी बेशुद्ध पडल्यास त्याच्या मागे उतरू नका. ११२ वर फोन करा.

सफाई कामगारांसाठी नमस्ते योजना

गटार व सेप्टिक टँक सफाई कामगारांसाठी केंद्र सरकारने २०२३-२४ पासून ही योजना सुरू केली आहे. त्यात सुरक्षा साधनांचा संच, प्रशिक्षण, आयुष्मान भारत आरोग्य विमा आणि सफाई वाहन घेण्यासाठी अनुदान मिळते. आपण किंवा आपल्या कुटुंबातील कोणी हे काम करत असल्यास नगरपालिका किंवा महानगरपालिकेत नोंदणीची चौकशी करा.