एकाच घराचे दोन कारभारी

मागच्या वेळी आपण नाव आणि वस्तू यांच्या नात्याबद्दल बोललो. नंतर घाटकोपरच्या एका विद्यार्थ्याने गाठलं. ‘सर, पायथनची लायब्ररी ॲप्टने घ्यावी की पिपने?’ मी पायथन निवृत्तीनंतर शिकलो, पवईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’वरून. पण हा प्रश्न मला माझ्याच विषयातला वाटला.

डेबियन किंवा उबुंटूमधलं ॲप्ट म्हणजे सोसायटीची कमिटी समजा. कोणती लायब्ररी कोणाबरोबर नांदेल हे आधी तपासून मगच ती आत येऊ देते. म्हणून आवृत्ती जुनी असते. जुनी म्हणजे धोक्याची नव्हे, बरं का! डेबियनच्या स्थिर आवृत्तीत सुरक्षेची दुरुस्ती बहुधा त्या जुन्यातच घातली जाते. पिप मात्र थेट पायपीआयच्या भांडारातून ताजा माल आणतो. पायथनच्या लायब्ऱ्यांचं आपसात तो जुळवतो. बाकीच्या यंत्रणेचं त्याला काही पडलेलं नसतं.

मी एकदा ‘सुडो’ लावून पिपने एक लायब्ररी घातली. ॲप्टची प्रत जागेवरच राहिली, नवी गेली ‘यूएसआर लोकल’च्या फोल्डरमध्ये. आणि पायथन आधी तिथे बघतो. म्हणजे हाक जुन्याच नावाने मारायची, दार उघडणार दुसराच माणूस! ज्याला मी हातही लावला नव्हता असा एक प्रोग्रॅम बंद पडला. ॲप्टला विचारावं, तर त्याच्या वहीत सगळं ठीक. दोन दिवस गेले माझे.

जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून पिप अशा वेळी सरळ नकार देतो. म्हणतो, इथला कारभार दुसऱ्याकडे आहे. तरीही हट्ट असेल तर जो पर्याय द्यावा लागतो त्याचं नावच ‘ब्रेक सिस्टीम पॅकेजेस’. इतकं प्रामाणिक नाव मी ग्रंथांतही क्वचित पाहिलं.

मग करायचं काय? प्रत्येक कामाला वेगळी खोली, म्हणजे ‘व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट’. २०१२ च्या पायथन ३.३ पासून ही सोय भाषेबरोबरच येते. डेबियनवर त्यासाठी एक छोटं पॅकेज ॲप्टकडून घ्यावं लागतं. त्या खोलीत पिपला मोकळं सोडा. मात्र आतल्या लायब्ररीत उद्या भोक सापडलं तर कमिटी बुजवायला येणार नाही. ॲप्टने सगळं यंत्र अद्ययावत केलं तरी ती खोली तशीच राहते, आणि हे पुष्कळजण विसरतात.

त्या मुलाला मी म्हटलं, यंत्राच्या रोजच्या कामाचं ॲप्टकडून घे, तुझ्या प्रकल्पाचं त्याच्या खोलीत पिपने. आणि काय काय घातलंस ते आवृत्तीच्या आकड्यांसकट एका फाईलमध्ये ठेव. ‘पिप फ्रीझ’ म्हटलं की ती यादी मिळते.