डोळ्यांची इंग्रजी आणि कानांची इंग्रजी

इ. स. १८५८ च्या जून महिन्यात चीनमधील त्येनचिन शहरी चीनचे बादशाही सरकार आणि इंग्रज सरकार ह्यांच्यामध्ये एक तह झाला. चीनचा युद्धात पराभव झालेला होता. त्यामुळे तहाच्या अटी कठोर होत्या. त्यांतील एक कलम भाषेविषयी होते. ह्यापुढे इंग्रज अधिकारी आपला सर्व सरकारी पत्रव्यवहार इंग्रजीतून करतील; काही काळ त्यासोबत चिनी भाषांतर जोडले जाईल; परंतु दोहोंच्या अर्थात अंतर पडल्यास इंग्रज सरकार इंग्रजीतील अर्थच खरा मानील, असे त्या कलमात म्हटले होते. ह्या एका वाक्यात केवढा धाक भरलेला होता! ज्याला इंग्रजी वाचून समजत नाही, त्याला आपण कशास संमती दिली हेही समजणार नव्हते.

चार वर्षांनी, १८६२ मध्ये, पेइचिंग येथे दुभाषे तयार करण्यासाठी थोंगवेन क्वान नावाची सरकारी पाठशाळा निघाली. प्रथम तेथे इंग्रजी शिकवण्यास प्रारंभ झाला व पुढच्या वर्षी फ्रेंच आणि रशियन ह्या भाषांची भर पडली. आरंभीचे विद्यार्थी म्हणजे तेरा-चौदा वर्षांच्या घरातील मुले होती. एवढ्या मोठ्या साम्राज्याच्या पत्रव्यवहाराचा भार अशा कोवळ्या खांद्यांवर येऊन पडावा, ही मोठी नवलाची गोष्ट होय.

इंग्रजीशी चीनचा परिचय मात्र त्याहून जुना होता. दक्षिणेकडील क्वांगचौ, म्हणजे जुने कँटन, ह्या बंदरात इंग्रज व्यापारी येत. तेथील दुकानदार व नोकरचाकर ह्यांच्यासाठी अगदी स्वस्त अशा छोट्या पुस्तिका विकल्या जात. त्यांत इंग्रजी शब्दांचे उच्चार चिनी लिपीत लिहिलेले असत. हे काम दिसते तितके सोपे नव्हते. देवनागरीत 'क'ला काना, मात्रा, वेलांटी लावून हवा तो ध्वनी लिहिता येतो. चिनी लिपीत सुटी व्यंजने वा स्वर नाहीत. तिचे प्रत्येक चिन्ह एका संपूर्ण उच्चारासाठी असते आणि त्या चिन्हाला बहुधा स्वतःचा अर्थही असतो. म्हणून परक्या शब्दाचा उच्चार लिहावयाचा झाल्यास जवळपासच्या ध्वनीची चिन्हे उसनी आणावी लागतात. 'थँक यू' हे शब्द आजही काही जण गमतीने 'सान-ख-यौ' ह्या तीन चिन्हांनी लिहितात. त्या चिन्हांचा अर्थ काढू गेल्यास तो 'तीन ग्रॅम तेल' असा होतो! आभार मानताना तेल वाढण्याचा हा प्रकार विनोदी खरा. परंतु अशा रीतीने शिकलेला शब्द गोऱ्या माणसाच्या तोंडून ऐकू आला, तर तो ओळखू येणे कठीण.

चिनी विद्यार्थ्यापुढील खरी अडचण येथेच आहे. शब्द पाठ करणे, व्याकरणाचे नियम ध्यानी ठेवणे, लिहिलेला उतारा समजून घेणे ह्या गोष्टींत तो सहसा मागे नसतो. हजारो लिपिचिन्हे घोकून ज्याने आपली मातृभाषा वाचण्यास शिकलेले असते, त्याला सव्वीस अक्षरांचे भय वाटण्याचे कारण नाही. पण तेच वाक्य कोणी बोलून दाखवले की तो गोंधळतो. पुस्तकात उत्तम चालणाऱ्या, पण बोलण्याच्या वेळी अडणाऱ्या ह्या ज्ञानाला चीनमध्ये 'मुकी इंग्रजी' असे नाव पडले आहे. ती मुकी होते, कारण ती आधी बहिरी असते.

ती बहिरी का राहते, हे चिनी भाषेच्या घडणीवरून कळते. चीनमध्ये अनेक बोली आहेत. त्यांपैकी शाळांतून शिकवली जाणारी प्रमाणभाषा 'पुथोंगह्वा' होय. तिच्यात सूर बदलला की शब्दच बदलतो. 'मा' हा उच्चार उंच व सपाट सुरात केला तर त्याचा अर्थ आई. सूर चढता ठेवला तर ताग. खाली नेऊन वर उचलला तर घोडा. आणि वरून झटक्याने खाली आणला तर रागावणे. साहजिकच चिनी मुलाचा कान लहानपणापासून प्रत्येक उच्चाराचा सूर टिपण्यात तरबेज होतो. इंग्रजीत सुराने शब्दाचा अर्थ बदलत नाही. 'येस' हा शब्द चढत्या सुरात म्हटला तर तो प्रश्न होतो, उतरत्या सुरात उत्तर होते, पण शब्द तोच राहतो. म्हणजे ज्या खुणेवर कान विसंबून होता ती खूण येथे उपयोगी पडत नाही.

उलट, ज्या खुणा इंग्रजीत महत्त्वाच्या, त्यांची त्या कानाला सवय नसते. पुथोंगह्वामध्ये सूर वगळून पाहिल्यास सुमारे ४०० च निरनिराळे उच्चार आहेत. ते स्वरात संपतात, नाहीतर 'न', 'ङ' अथवा 'र' ह्यांसारख्या ध्वनीत संपतात. शेवटी क, ग, ट, ड, प, ब असे व्यंजन येतच नाही. इंग्रजीत मात्र 'बॅक', 'बॅग', 'बॅट', 'बॅड' हे चार शब्द केवळ शेवटच्या व्यंजनाने वेगळे होतात. मराठी मुलाला त्यांतील भेद सहज ऐकू येतो, कारण 'नाक' आणि 'नाग' ह्यांची गफलत तो कधी करीत नाही. चिनी विद्यार्थ्याला मात्र हा भेद अभ्यासाने मिळवावा लागतो. क्वांगतुंग प्रांताची बोली बोलणाऱ्याला ही अडचण थोडी कमी जाणवते, कारण तिच्यात शब्दाच्या शेवटी क, ट, प येतात. 'शिप' आणि 'शीप', म्हणजे जहाज आणि मेंढी, हीही अशीच एक अवघड जोडी आहे. 'थिंक' ह्या शब्दातील पहिला ध्वनी तर चिनी माणसाला 'स'सारखा भासतो. अर्थात तो मराठीतही नाही, आणि मराठी माणूस तेथे आपला 'थ' घालून वेळ मारून नेतो.

आणखी एक गोष्ट. चिनी वाक्यात बहुतेक प्रत्येक उच्चाराला आपापले वजन असते. एकेक मणी स्वतंत्र दिसावा तसे ते बोलणे असते. इंग्रजीत काही उच्चारांवर जोर देतात आणि बाकीचे गिळून टाकतात. 'फोटोग्राफ' ह्या शब्दात जोर पहिल्या उच्चारावर आहे. त्याला शेवटी थोडी भर पडली की तो 'फटॉग्रफर' होतो, जोर पुढे सरकतो आणि आधीचे स्पष्ट स्वर अंधुक होतात. पुस्तकात हे दोन शब्द सख्खे भाऊ दिसतात. कानाला मात्र ते अनोळखी वाटतात. त्यातच शब्द एकमेकांना चिकटतात. 'नॉट अॅट ऑल' हे 'नॉटटॉल' असे ऐकू येते. छापील इंग्रजीत दोन शब्दांमध्ये मोकळी जागा असते, ती बोलण्यात कोठे राहते? गमतीची गोष्ट अशी, की चिनी लिपीत शब्दांमध्ये मोकळी जागा सोडण्याची रीत नाही. तेथे वाचकच शब्द तोडून घेतो. डोळ्यांनी लीलया होणारे हे काम परक्या भाषेत कानांनी करावयाचे असते.

व्याकरणाचेही तसेच. चिनी क्रियापद काळानुसार रूप बदलत नाही. 'काल', 'उद्या' असे शब्द किंवा एखादे लहानसे अव्यय काळ दाखवण्यास पुरेसे होते. त्यामुळे 'वॉक' आणि 'वॉक्ट' ह्यांतील शेवटच्या 'ट'कडे लक्ष देण्याची कानाला गरजच वाटत नाही. 'तो', 'ती' आणि 'ते' ह्या तिघांसाठी चिनी बोलण्यात 'था' हा एकच उच्चार आहे. १९२० च्या सुमारास ल्यू पाननोंग ह्या कवीने 'ती'साठी वेगळे लिपिचिन्ह प्रचारात आणले. पण ते डोळ्यांपुरतेच, उच्चार होता तोच राहिला. म्हणून इंग्रजी संवादात 'ही' म्हटले की 'शी' म्हटले, हे चांगल्या विद्यार्थ्याच्याही ध्यानातून निसटते, आणि तिकीट भावाने काढले की बहिणीने, ह्या प्रश्नाचे उत्तर चुकते.

संख्यांची कथा मराठी वाचकाला जवळची वाटेल. चिनी मोजणीत दहा हजारांना 'वान' असे स्वतंत्र नाव आहे व दहा कोटींना 'ई'. 'टू हंड्रेड अँड फिफ्टी थाउजंड' हे शब्द कानी पडताच चिनी मुलाला मनातल्या मनात २५ वान करावे लागतात. मराठी मुलाला अडीच लाख. हा हिशेब पुरा होईपर्यंत बोलणारा पुढच्या वाक्यावर गेलेला असतो.

वाचनात अडचणी नाहीत असे नव्हे. 'ही हॅज अ फ्यू फ्रेंड्स' म्हणजे त्याला काही मित्र आहेत. 'ही हॅज फ्यू फ्रेंड्स' म्हणजे त्याला मित्र जवळजवळ नाहीत. चिनी भाषेत 'अ', 'द' असे शब्द नसल्याने ह्या एवढ्याशा 'अ'वरून डोळा सहज घसरतो आणि अर्थ उलटा होतो. लांब वाक्यांत तर निराळेच संकट उभे राहते. 'शिक्षकांनी काल मुलाला दिलेले पुस्तक' असे मराठीत म्हणतात, तेव्हा सारे वर्णन आधी येऊन 'पुस्तक' शेवटी येते. चिनी रचनाही अशीच आहे. इंग्रजीत मात्र 'द बुक' आधी येते आणि वर्णन शेपटीसारखे मागून येते. वाचणारा वाक्याच्या शेवटापर्यंत जाऊन पुन्हा आरंभाकडे वळू शकतो. ऐकणाऱ्याला ती सवलत नाही. बोललेला शब्द हवेत विरून जातो.

हे अंतर तोडण्यासाठी चिनी विद्यार्थ्यांनी नाना उपाय केले. १९७८ नंतर देशात इंग्रजीचा प्रसार झपाट्याने झाला, पण इंग्रजी बोलणारे लोक सहजासहजी भेटत नसत. तेव्हा अनेकांनी रेडिओचा आधार घेतला. 'व्हॉइस ऑफ अमेरिका' ह्या केंद्राने १९५९ पासून 'स्पेशल इंग्लिश' नावाच्या बातम्या सुरू केल्या होत्या. त्यांत सुमारे १५०० सोपे शब्द वापरीत आणि वाचण्याचा वेग नेहमीपेक्षा बराच संथ ठेवीत. १९८२ मध्ये चीनच्या मध्यवर्ती दूरदर्शनवर 'फॉलो मी' ही इंग्रजांनी तयार केलेली पाठमाला दाखवण्यात आली, तेव्हा घरोघरी लोक तिच्यापुढे वही घेऊन बसत. शांघायच्या 'पीपल्स पार्क'सारख्या उद्यानांतून 'इंग्रजीचे कोपरे' निर्माण झाले. तेथे अनोळखी माणसे एकत्र जमून मोडक्यातोडक्या इंग्रजीत संभाषण करीत. पुढे ऐकलेले वाक्य पुन्हा पुन्हा ऐकवणारी खास ध्वनिमुद्रणयंत्रेही विद्यार्थ्यांच्या दप्तरांत आली.

ह्या सर्वांत श्रुतलेखन हाच उपाय सर्वांत कष्टाचा आणि, वास्तविक पाहता, सर्वांत फलदायी होय. उतारा प्रथम पुस्तक मिटून ऐकावयाचा. मग एकेक वाक्य थांबवून, ऐकू आले तसे लिहावयाचे. न कळलेल्या जागी रिकामी जागा सोडावयाची, अंदाजाने भरावयाची नाही. आणि शेवटी छापील पाठाशी ताडून पाहावयाचे. रिकाम्या जागी बहुधा अवघड शब्द नसतात. 'ऑफ', 'हॅड', 'टू' असे चिमुकले, गिळले गेलेले शब्द असतात. आपण काय ऐकत नाही, हे विद्यार्थ्याला ह्यावरून प्रत्यक्ष दिसते. नंतर तोच उतारा मोठ्याने वाचावयाचा. चिनी शाळांत सकाळच्या प्रहरी असे प्रकट वाचन करण्याची प्रथा आहेच; मात्र नुसता गलका करून वाचणे आणि ऐकलेल्या लकबीने वाचणे, ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत.

ह्या कष्टांची कसोटी विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत लागते. ही परीक्षा ७ जूनपासून सुरू होते. इंग्रजीच्या १५० गुणांपैकी ३० गुण श्रवणाचे असतात. जेथे श्रवणपरीक्षा त्याच दिवशी असते, तेथे तीनचा पेपर असला तरी परीक्षागृहाची दारे पावणेतीनलाच बंद होतात; उशिरा आलेल्याला आत घेत नाहीत. आसपासच्या रस्त्यांवर मोटारींचे भोंगे वाजवण्यास मनाई असते आणि इमारतींची बांधकामे थांबवतात. पहिले पाच छोटे संवाद एकदाच ऐकवले जातात, त्यापुढचे दोनदा. मग ध्वनिक्षेपक बंद होतो, पाने उलटल्याचा आवाज होतो आणि वाचनाचे उतारे समोर येतात. तेथे डोळ्याला हवे तितक्या वेळा मागे वळता येते.