शिसं, जस्त आणि कुंचला

ऑफसेट छपाई येण्यापूर्वीच्या कुठल्याही मराठी दैनिकाचं पान उघडा, त्यात दोन जातींच्या जाहिराती दिसतील. एक जुळाऱ्याने (कंपोझिटरने) खिळे म्हणजे शिशाचे टाइप जुळवून केलेली, दुसरी चित्रकाराने काढलेली.

जुळाऱ्याच्या जाहिरातीला आराखडा नसे. दुकानदार कागदावर मजकूर खरडून आणी, जागा कॉलम-इंचांत ठरे, पुढचं सगळं जुळाऱ्याच्या नजरेवर. स्टिकमध्ये उलट्या अक्षरांचे खिळे, ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या, भोवती पितळी रूळ किंवा फुलाफुलांची बॉर्डर. दुकानाचं नाव सर्वांत मोठं, पत्ता सर्वांत बारीक. या जाहिराती नीटनेटक्या असत, पण सगळ्या एकाच आईची लेकरं वाटत. यात जुळाऱ्याचा दोष नव्हता. जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, काना-मात्रा धरून देवनागरीच्या एका टाइपालाच काही शे खिळे लागत. डिग्री पद्धतीत तर ओळ तीन थरांत बसवायची: मध्ये अक्षर, वर मात्रा-वेलांटी, खाली उकार. एवढा पसारा प्रत्येक आकारात आणि नव्या वळणात ओतणं कुठल्या फाउंड्रीला परवडणार? शीर्षकासाठी इंग्रजीत वळणांची चंगळ, मराठीत मोजकी.

ही टंचाई मराठी जाहिरातीच्या पथ्यावर पडली, असं माझं स्पष्ट मत आहे. टाइप मिळेना, म्हणून अक्षर हाताने काढावं लागलं.

हाताने काढलेल्या जाहिराती जाहिरात संस्थांत तयार होत. गिरगावात 1905 साली सुरू झालेली बी. दत्ताराम ही देशातल्या सर्वांत जुन्या जाहिरात संस्थांपैकी एक. 1929 साली जे. वॉल्टर थॉम्पसन ही परदेशी जाहिरात संस्था मुंबईत आली, आणि 1935 साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये व्यावसायिक कलेचा विभाग निघाला. तिथे शिकलेली मुलं एजन्सीत जाऊन आधी पेन्सिलीने लेआउट करत. तो पसंत पडला की बोर्डावर काळ्या शाईने आर्टवर्क, तेही छापायच्या आकाराच्या दीडपट-दुप्पट. कॅमेऱ्याने लहान केलं की हाताची थरथर झाकली जाई! उरलेल्या चुकांवर पांढरा रंग. मग निगेटिव्ह, जस्ताच्या पत्र्यावर प्रकाश आणि पत्रा आम्लात. कोरी जागा खाल्ली जाई, रेघ उंच राही. हा पत्रा लाकडावर ठोकून खिळ्यांच्या उंचीला आणला की ब्लॉक तयार. फोटोच्या हाफटोन ब्लॉकचे ठिपके न्यूजप्रिंटवर फुटत, म्हणून रेषाचित्रांना मान. तीच जाहिरात बाहेरगावच्या पत्राला द्यायची तर कागदी लगद्याच्या पुठ्ठ्यावर ब्लॉकचा दाब घेत; हा हलका मॅट टपालाने जाई आणि तिथे त्यात शिसं ओतत.

अक्षराची खरी मौज नाटकांच्या जाहिरातींत होती. टाइम्स ऑफ इंडियाच्या कला विभागात काम केलेल्या कमल शेडगे यांनी नाटकांची नावं अशी काढली की नाटकाची जात अक्षरांवरूनच ओळखावी. प्रेक्षकाच्या डोक्यात आधी अक्षर बसे, नटमंडळी मागाहून. अक्षरकार र. कृ. जोशी हेही जाहिरातीतलेच, उल्का संस्थेचे कलादिग्दर्शक. संगणकावरचा ‘मंगल’ हा देवनागरी फाँट त्यांचा.

जुन्या दैनिकांच्या फायली जपणाऱ्या ग्रंथालयात गेलात तर भिंग न्या. शीर्षकात दोनदा आलेलं एखादं अक्षर ताडून पाहा: हुबेहूब जुळलं तर बहुधा खिळा, केसभर वेगळं निघालं तर हात. पानं मात्र हलक्या हाताने उलटा. तो कागद फार ठिसूळ झालेला असतो.