संदर्भ विद्युत् दाब, मोटारगाडीतील

मोटारगाडीच्या एंजिनावरील संवेदकांना नियंत्रक एककाकडून जो ठराविक व स्थिर विद्युत् दाब पुरविला जातो, त्याला संदर्भ विद्युत् दाब म्हणतात. बहुतेक मोटारगाड्यांत तो ५ व्होल्ट असतो. एकाच दाबावर अनेक संवेदक अवलंबून असल्याने तो ढळला की, निर्दोष संवेदकही सदोष भासतात. अशा वेळी सुटे भाग बदलण्यापूर्वी हा दाब मोजणे, हे दोषनिदानाचे मुख्य सूत्र होय.

कार्बुरेटर असलेल्या एंजिनांत हवा व पेट्रोल यांचे प्रमाण यांत्रिक रीतीने ठरत असे. १९६७ मध्ये फोक्सवागेन १६०० या गाडीत बॉश कंपनीची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनीय इंधन-अंतःक्षेपण पद्धती आली. भारतात उत्सर्जनाचे नियम कडक होत गेले, तसा अशा पद्धतींचा प्रसार झाला. भारत टप्पा–४ ची मानके १ एप्रिल २०१७ पासून, तर टप्पा–६ ची १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाली.

तत्त्व : घटमालेचा दाब नाममात्र १२ व्होल्ट असला, तरी एंजिन सुरू करताना तो बराच उतरतो आणि एंजिन चालू असताना सु. १४ व्होल्टपर्यंत चढतो. असा अस्थिर दाब मापनाचा आधार होऊ शकत नाही म्हणून नियंत्रकातील अर्धसंवाहक मंडल त्यापासून स्थिर ५ व्होल्ट तयार करते. संवेदकाला सामान्यतः तीन तारा असतात : संदर्भ दाबाची, संकेताची व परतीची. उदा., हवेची झडप बंद असताना तिच्या स्थितिसंवेदकाचा संकेत सु. ०·५ व्होल्ट, तर झडप पूर्ण उघडी असताना सु. ४·५ व्होल्ट असतो. हा संकेत संदर्भ दाबाच्या प्रमाणात बदलतो.

नियंत्रकात संदर्भ दाबाच्या बहुधा दोन किंवा अधिक शाखा असतात व प्रत्येक शाखेवर अनेक संवेदक जोडलेले असतात. त्यांपैकी एकाच संवेदकात मंडलसंक्षेप (‘शॉर्ट’) झाल्यास सर्व शाखेचा दाब कोसळतो. काही गाड्यांत वातानुकूलन यंत्रणेचा दाबसंवेदकही याच शाखेवर असतो. त्यामुळे त्यातील बिघाडाने एंजिन बंद पडू शकते किंवा वेग मर्यादित होतो. वाहता महामार्ग ओलांडताना किंवा पुढील वाहनाला मागे टाकताना हे धोक्याचे ठरते.

दोषाची कारणे : तारांचे आवरण घासले जाणे किंवा उंदरांनी कुरतडणे, जोडणीत पाणी शिरून गंज चढणे, संवेदकातील अंतर्गत मंडलसंक्षेप व क्वचित नियंत्रकातील बिघाड ही प्रमुख कारणे होत. उष्णतेमुळे आवरण ठिसूळ होते. खानदेशात, विशेषतः भुसावळ व जळगाव येथे, उन्हाळ्यात तापमान ४५° से. च्या वर जाते. गाडी थांबताच एंजिनावरील हवेचा झोत व शीतक द्रवाचे अभिसरण मंदावते आणि झाकणाखालील तापमान काही काळ आणखी वाढते. त्यामुळे धुळे–जळगाव–भुसावळ या राष्ट्रीय महामार्ग ५३ वरील (पूर्वीचा क्र. ६) दुपारच्या प्रवासात, थोड्या विश्रांतीनंतर दोष प्रकट व्हावा आणि सकाळी थंड गाडीत तो सापडू नये, असे घडू शकते. म्हणून ज्या स्थितीत दोष दिसतो, त्याच स्थितीत मापन करावे.

निदान : नियंत्रकाच्या स्मृतीतील दोषसंकेतांक प्रथम वाचतात. पी ०६४१ व पी ०६५१ हे अनुक्रमे पहिल्या व दुसऱ्या शाखेतील दोष दर्शवितात. पी ०६४२ पहिल्या शाखेचा दाब कमी आणि पी ०६४३ तो जास्त असल्याचे सांगतो. संकेतांकावरून सदोष मंडल कळते. सदोष भाग कळत नाही.

घटमाला पुरेशी भारित असल्याची खात्री करून संवेदकाची जोडणी काढतात आणि किल्ली फिरवून, परंतु एंजिन सुरू न करता, अंकीय बहुमापकाने दाब मोजतात. संदर्भ तार व घटमालेचे ऋणाग्र यांमध्ये ५ व्होल्ट मिळून परतीच्या तारेशी ते मिळत नसल्यास परतीची तार तुटलेली असते. सु. १२ व्होल्ट मिळाल्यास घटमालेच्या एखाद्या तारेशी स्पर्श झालेला असतो. दाब शून्याजवळ असल्यास त्या शाखेवरील संवेदकांच्या जोडण्या एकेक करून काढतात. जी काढताच ५ व्होल्ट परत येतात, तो संवेदक बहुधा सदोष असतो. सर्व जोडण्या काढूनही दाब परत न आल्यास किल्ली बंद करून, घटमालेचे ऋणाग्र व नियंत्रकाची जोडणी सोडवून, संदर्भ तारेची अखंडता व तिचा भूसंपर्क तपासतात. तारा निर्दोष आढळल्या व नियंत्रकाचा स्वतःचा विद्युत् पुरवठा आणि भूसंपर्कही योग्य असले, तरच नियंत्रक सदोष मानावा. तो महाग असल्याने हा निष्कर्ष सर्वांत शेवटी काढणे इष्ट असते.

दक्षता : या मंडलाची क्षमता अल्प असल्याने तपासणीसाठी साधा दिवा वापरू नये. विद्युत् पुरवठा चालू असताना रोध मोजू नये. तारेच्या आवरणाला सुईने छिद्र पाडल्यास तेथून ओलावा शिरून पुढील पावसाळ्यात नवा दोष उद्‌भवू शकतो. दुरुस्तीनंतर तारा उष्ण व हलत्या भागांपासून दूर बांधाव्यात आणि संकेतांक पुसून, गाडी पूर्ण तापेपर्यंत चालवून पुन्हा मापन करावे.