केशवाणिज्य : वसईचे दगड आणि झांझिबारचे स्मारक

आगाशी तीर्थाच्या श्री मुनिसुव्रतस्वामींचे दर्शन घेऊन परतणारी अनेक कुटुंबे वेळ असल्यास वसईच्या किल्ल्यापर्यंत जातात. मुले तटावर चढतात, वडीलधारी मंडळी पडक्या चर्चच्या सावलीत विसावतात. गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली, एवढा इतिहास बहुतेकांना शाळेपासून ठाऊक असतो. चिमाजी आप्पांचा पुतळा तेथे आहे. वसईतच जन्मलेल्या आणि १५९७ मध्ये नागासाकी येथे क्रूसावर प्राण दिलेल्या संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाचे चर्च आहे. जमिनीत बसवलेल्या थडग्यांच्या फरशांवर पोर्तुगीज सरदारांची नावे अजून वाचता येतात. त्या सरदारांच्या पालख्या ज्यांच्या खांद्यावर होत्या, त्यांचे नाव मात्र एकाही दगडावर नाही.

ती माणसे पुष्कळदा आफ्रिकेतून आणलेली असत. मोझांबिकचा किनारा आणि गोवा, दमण, दीव, वसई ही ठाणी एकाच सत्तेच्या हाती असल्याने माणसांची ने-आण सोपी होती. १६९५ मध्ये इटालियन प्रवासी जेमेल्ली कारेरी वसईस आला होता. पोर्तुगीज वसाहतींतील घरोघरी असलेल्या आफ्रिकी गुलामांविषयी आणि ते किती स्वस्तात मिळतात याविषयी त्याने लिहून ठेवले आहे. पालखी उचलणे, मालकावर छत्री धरणे, पाणी भरणे, ओझी वाहणे ही त्यांची कामे. वसई पडल्यावर अटींप्रमाणे पोर्तुगीज गलबतांत बसून निघून गेले. घरातील गुलाम मालमत्तेतच मोजले जात, त्यामुळे इतिहासाच्या पुस्तकांत त्या निर्गमनाच्या वर्णनात ते वेगळे दिसत नाहीत.

येथवरचा दोष पोर्तुगीजांच्या माथी मारून मोकळे होता येते. व्यापारी घराण्यांनी मात्र पुढचे पानही उलटून पाहावे. मोझांबिकमध्ये गुलाम आणि हस्तिदंत यांची किंमत बहुतांशी नाण्यांत नव्हे, तर कापडात चुकवली जाई. ते कापड गुजरातचे होते. जंबुसर आणि आसपासच्या विणकरांकडून ते विकत घेऊन दीव-दमणचे वाणिया व्यापारी जहाजाने मोझांबिकला पाठवीत. इतिहासकार पेद्रो मचाडो यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अठराव्या शतकाच्या मध्यापासूनच्या शंभर वर्षांतील या व्यापाराचा तपशीलवार अभ्यास आहे. वाणिया या एका नावाखाली वैष्णव आणि जैन अशी दोन्ही घराणी येतात. त्यांचा मुख्य परतीचा माल हस्तिदंत होता. गुलामांची खरेदी-विक्री त्यामानाने लहान, पण ती होती. आणि जेथे व्यापाऱ्याने स्वतः गुलाम विकत घेतला नाही, तेथेही दुसऱ्याने तो ज्या कापडाच्या गठ्ठ्यावर घेतला तो गठ्ठा याच पेढीचा असे.

हस्तिदंत आपल्याकडे कोठे जात होता? त्यातील मोठा भाग गुजरात आणि राजस्थानातील नववधूंच्या चुड्यांसाठी जात असे. घरातील आजीच्या पेटीत जुना चुडा असेल, तर तो कोणत्या किनाऱ्यावरून आला हे तिलाही ठाऊक नसेल.

शास्त्राला मात्र हे दोन्ही व्यवहार अपरिचित नव्हते. सातव्या व्रताच्या अतिचारांत पंधरा कर्मादाने सांगितली आहेत. वंदित्तु सूत्र म्हणणारे श्रावक प्रतिक्रमणात त्यांची नावे उच्चारतात. त्यांत दंतवाणिज्य आहे आणि केशवाणिज्यही आहे. हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात केशवाणिज्याचा अर्थ द्विपाद आणि चतुष्पाद यांची विक्री असा दिला आहे. द्विपाद म्हणजे दास-दासी. पाठशाळेत पुष्कळदा 'केसांचा व्यापार' एवढाच अर्थ सांगितला जातो आणि मुलांच्या डोळ्यांसमोर टोप व गंगावने येतात. लोकरीच्या किंवा केसांच्या गाठोड्यांशी या शब्दाचा संबंध नाही. केस असलेल्या जिवंत प्राण्यांचा, म्हणजे गुरे आणि माणसे यांचा बाजार, हा त्याचा आशय. मोझांबिकहून दीवला परतणाऱ्या जहाजाच्या मालयादीतील हस्तिदंत आणि माणूस या दोन नोंदी कर्मादानांच्या यादीत शतकानुशतके लिहिलेल्या होत्या आणि जहाजाचा मालक त्या पाठ म्हणत होता.

पहिल्या अणुव्रताचे अतिचारही येथे आठवावेत. बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बांधणे, मारणे, अवयव तोडणे, अतिभार लादणे, अन्नपाणी रोखणे. गुलामांच्या जहाजावर यांतील काय घडत नव्हते?

तरीही शास्त्राने सारे काही निक्षून सांगितले होते, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहपरिमाण व्रताच्या अतिचारांत क्षेत्र, वास्तू, हिरण्य, सुवर्ण, धन, धान्य यांच्याच ओळीत दासी-दास येतात. म्हणजे मर्यादा ओलांडू नये, एवढेच तेथे सांगितले आहे. मर्यादेत दास बाळगणे त्या काळच्या समाजाने गृहीतच धरले होते. व्यापार निषिद्ध आणि बाळगणे परिमित, या दोहोंमधली फट मोठी आहे. खरेदी झाल्यावाचून बाळगणे कसे होणार, हा हिशेब कोणत्याही कारकुनाला कळावा.

ही फट भगवान महावीरांच्या चरित्रातील एका प्रसंगाने भरून येते. चंपानगरीची राजकन्या वसुमती कौशांबीच्या बाजारात विकली गेली. धनावह शेठने तिला कन्या मानून घरी नेले, पण शेठाणीने तिचे मुंडन करून, पायांत बेड्या घालून कोंडून ठेवले. प्रभूंचा अभिग्रह पाच महिने पंचवीस दिवसांनी पूर्ण झाला, तो या बेड्यांतल्या दासीच्या हातच्या उडदाच्या बाकुळ्यांनी. तीच पुढे साध्वीसंघाची प्रमुखा चंदनबाला झाली. घरोघरी ही कथा तपाची आणि दानाची म्हणून सांगितली जाते. ती बाजारात विकल्या गेलेल्या मुलीची कथाही आहे, ही बाजू सांगताना फार लवकर मागे पडते.

बेड्यांतली माणसे प्रत्यक्ष समोर उभी असलेले स्मारक पाहायचे असेल, तर झांझिबारला जावे लागते. पूर्व आफ्रिकेच्या या बेटावरील स्टोन टाऊनमध्ये, म्कुनाझिनी भागात, गुलामांचा मोठा बाजार भरत असे. जून १८७३ च्या कराराने तो बंद झाला. सुलतान बरघशकडे हा करार मागण्यास गेलेले बार्टल फ्रीअर त्यापूर्वी मुंबईचे गव्हर्नर होते. त्याच जागेवर चर्च उभे राहिले आणि माणसांना फटके मारण्याचा खांब जेथे होता, तेथे वेदी आहे असे सांगितले जाते. चर्चच्या आवारात जमिनीत खोदलेला एक चौकोनी खड्डा आहे. स्वीडनच्या शिल्पकार क्लारा सोर्नास यांनी १९९८ मध्ये घडवलेल्या पाच मूर्ती त्यात उभ्या आहेत. त्यांच्या गळ्यांत लोखंडी कड्या आहेत आणि कड्यांतून साखळी गेली आहे. पाहणारा वर, त्या खाली. खाली वाकल्याशिवाय त्यांचे चेहरे नीट दिसत नाहीत. शेजारच्या इमारतीखाली बुटक्या, अंधाऱ्या कोठड्या दाखवतात.

येथे भारतीय यात्रेकरूने केवळ हळहळून परतू नये. झांझिबारच्या जकातीचा मक्ता अनेक दशके कच्छी भाटिया जयराम शिवजी यांच्या पेढीकडे होता आणि बंदरात उतरणाऱ्या प्रत्येक गुलामामागे जकात घेतली जाई. १८६० मध्ये ब्रिटिश वकील रिग्बी यांनी भारतीय व्यापाऱ्यांच्या ताब्यातील हजारो गुलाम सोडवले. त्यांतले बरेच शेतीवर किंवा घरकामाला होते. केनियात स्थायिक झालेले हालारी ओसवाल बांधव या किनाऱ्यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोहोचले, म्हणजे बाजार बंद झाल्यानंतर; त्यांच्या वहीत ही नोंद नाही. पण किनाऱ्यावरील भारतीय पतपेढ्यांचे जाळे, ज्याच्या आधाराने नंतरचे सर्व दुकानदार उभे राहिले, ते मात्र जुनेच होते.

त्याच चर्चमध्ये एक साधा लाकडी क्रूस आहे. प्रवासी डॉ. लिव्हिंग्स्टन यांचे हृदय आफ्रिकेच्या अंतर्भागात ज्या झाडाखाली पुरले गेले, त्या झाडाच्या लाकडाचा तो आहे. १ मे १८७३ च्या सुमारास लिव्हिंग्स्टन वारले, तेव्हा त्या झाडावर त्यांचे नाव कोरणारा आणि अंत्यप्रार्थना वाचणारा तरुण जेकब वेनराइट नाशिकमध्ये शिकलेला होता. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले मुंबईस उतरवली जात आणि त्यांतील काही नाशिकजवळच्या शरणपूर या मिशनच्या वसाहतीत ठेवली जात. तेथे ती सुतारकाम, लोहारकाम आणि अक्षरे शिकत. वेनराइट त्यांपैकी एक. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंग्स्टन यांची शवपेटी वाहणाऱ्यांत तो होता.

आज नाशिककरांना शरणपूर हे रस्त्याचे नाव म्हणून ठाऊक आहे. त्यावर बँका आहेत, दुकाने आहेत, संध्याकाळी वाहनांची दाटी असते. तेथील आफ्रिकी मंडळींपैकी अनेकजण १८७४ नंतर मोंबासाला गेले आणि खाडीपलीकडे फ्रीअरटाऊन ही मुक्त गुलामांची वस्ती त्यांनी वसवली. तेथे त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत. वस्तीची घंटा अजून उभी आहे. गुलामांचे गलबत दिसले की ती वाजवत, असे सांगतात. ज्यांचे नातलग मोंबासाला आहेत आणि जे तेथील देरासरात दर्शनाला जातात, त्यांना ही घंटा गाडीने थोड्याच वेळात पाहता येते.