गजांविना प्राणिदर्शन: मालवणच्या समुद्रातील प्राणी आणि त्यांचे प्रेक्षक

मुंबईच्या राणीच्या बागेसारखे मोठे प्राणिसंग्रहालय सिंधुदुर्ग जिल्ह्यात नाही. तरीही मालवण, तारकर्ली, देवबाग आणि निवती येथे होडीत बसणाऱ्या पर्यटकाची अपेक्षा त्या बागेतील प्रेक्षकासारखीच असते, की पैसे मोजले आहेत तेव्हा प्राणी दिसलाच पाहिजे. संग्रहालयाची रचना ही अपेक्षा पुरी करण्यासाठीच केलेली असते. कार्ल हागेनबेक या जर्मन प्राणिव्यापाऱ्याने १९०७ मध्ये हॅम्बुर्गजवळील स्टेलिंगेन येथे गजांऐवजी खंदक खणून प्राणी उघड्यावर मांडले, तेव्हा प्रेक्षकाला पिंजरा दिसेनासा झाला, पण प्राणी आणि माणूस यांच्यातील अंतर खंदकाने पक्के केलेलेच राहिले. समुद्रात हे अंतर पाहणारा ठरवतो, आणि म्हणून त्याच्या निरीक्षणाचे मोल जोखताना तो किती जवळ गेला होता हे आधी विचारावे लागते.

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालच्या उथळ पाण्यात, जिथे नळीवाटे श्वास घेत पृष्ठभागावर तरंगण्याचा स्नॉर्कलिंग हा प्रकार चालतो, तिथे हे अंतर कधीकधी शून्यावर येते. हा परिसर १९८७ मध्ये घोषित झालेल्या २९.१२ चौरस किलोमीटरच्या मालवण सागरी अभयारण्यात मोडतो. पर्यटकाचे लक्ष रंगीत माशांकडे जाते, विशेषतः पिवळसर अंगावर काळे उभे पट्टे असणाऱ्या 'सार्जंट मेजर' माशांकडे. पाव किंवा बिस्किटाचा चुरा टाकला की हे मासे झुंडीने येतात आणि पाहणारा त्यांना माणसाळलेले समजतो, वास्तविक त्याने पाहिलेले असते ते केवळ आमिषाभोवतीचे वर्तन. ज्याला तो खडक समजतो आणि ज्यावर अनेकदा पायही ठेवतो ते प्रवाळ, म्हणजे पोवळे, हाच तेथील सर्वांत दुर्लक्षित प्राणी होय. प्रवाळाची वसाहत असंख्य सूक्ष्म जीवांची बनलेली असते. त्यांच्या पेशींत राहणारी एकपेशीय शैवले सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्यातील वाटा यजमानाला देतात, आणि पाणी फार तापले की हा सहवास तुटून प्रवाळ पांढरे पडते. अशा विरंजनानंतर काही काळ प्रवाळ जिवंतच असते, परंतु शुभ्र प्रवाळ सुंदर दिसते असे म्हणणारा पर्यटक नकळत एका आजाराची नोंद करत असतो.

वेंगुर्ल्याजवळ वायंगणीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्ले पाहायला येणाऱ्यांची दृष्टी तुलनेने शिस्तीची असते, कारण तिथे वेळापत्रक निसर्गाच्या हाती आहे: मादीने वाळूत पुरलेली सुमारे शंभर अंडी उबायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात, आणि वाळू अधिक उष्ण असेल तर माद्या, थंड असेल तर नर अधिक निपजतात. बाहेर आलेले पिल्लू उजळ क्षितिजाकडे सरकते. म्हणून मोबाईलचा दिवा त्याला भलतीकडे नेऊ शकतो.

डॉल्फिनच्या बाबतीत मात्र गैरसमज सर्वाधिक आहेत. कर्ली नदीच्या मुखाशी आणि किनाऱ्यालगत बहुधा दिसतो तो हंपबॅक डॉल्फिन, ज्याच्या पाठीवरचा पर एका लांबट उंचवट्यावर उभा असतो आणि जो उथळ, खाडीमुखाजवळचे पाणी पसंत करतो. तो फुप्फुसांनी श्वास घेत असल्याने त्याला वर यावेच लागते: आधी लांब चोच, मग उंचवटा, आणि खोल बुडी मारायची असल्यास शेवटी शेपूट. होडीतून याला 'उडी' म्हटले जाते, आणि एकच डॉल्फिन तीन ठिकाणी वर आला की तीन डॉल्फिन मोजले जातात. स्विस प्राणिशास्त्रज्ञ हाइनी हेडिगर याने प्राणी ज्या टप्प्यावर माणसापासून पळ काढतो त्याला 'पलायन-अंतर' म्हटले. डॉल्फिन दर वेळी पळत नाही, पण होड्या घेरू लागल्या की तो जास्त वेळ पाण्याखाली राहतो किंवा दिशा बदलतो, आणि मग 'आज दिसला नाही' ही तक्रार खुद्द तक्रारदारानेच ओढवून घेतलेली असू शकते. याच पाण्यात वावरणाऱ्या फिनलेस पॉर्पॉइज या दुसऱ्या सस्तन प्राण्याच्या पाठीवर परच नसतो आणि तो क्वचितच उसळी घेतो, त्यामुळे पर्यटकांच्या वर्णनात त्याचे नाव सहसा येतच नाही.

पर्यटकाच्या छायाचित्राचा उपयोग मात्र होऊ शकतो, आणि तो बहुतेकांना वाटतो त्या छायाचित्राचा नव्हे. डॉल्फिनच्या परावरील खाचा, व्रण आणि कडांचा आकार यांवरून प्रत्येक प्राणी वेगळा ओळखण्याच्या पद्धतीला छायाचित्र-ओळख म्हणतात. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर 'कोकण सिटेशियन रिसर्च टीम' या अभ्यासगटाने ती वापरली आहे. त्यासाठी उसळलेला डॉल्फिन नको असतो, तर पाण्याच्या रेषेवर बाजूने, सरळ टिपलेला पर हवा असतो, आणि सोबत तारीख, वेळ, ठिकाण व होडीचे अंतर.